घारीचं पान

पुणे, २९ सप्टेंबर १९५८

प्रिय हैबतदादा,

सा. न. वि. वि.

पुस्तकाच्या सात पानांच्या चित्रांचे ब्लॉक तयार होऊन छापखान्यात पोचले. आमचे जुने मशिनमन कोंडाजी यांनी स्वतः पुडकं सोडून ते पाहिले आणि काल संध्याकाळी जिना चढून मला सांगायला आले. "मुंगी हाय, खेकडा हाय, शेळी, औतवाला, गाडीतला पोरगा, मोळीवाली, आंधळा म्हातारा, सगळी आली. घार कुटं ऱ्हायली, बाई?"

तेच तुला विचारायला हे पत्र.

तू पाठवलेलं घारीचं कच्चं चित्र मी तीनदा पाहिलं. राग मानू नकोस. ते शाळेच्या ओट्यावर बसून काढलेलं आहे. समोर डोंगर, पायथ्याशी घरं, सगळं जिथल्या तिथं, म्हणजे रोज तू पाहतोस तसं. बाकीच्या पानांवर तू असं केलेलं नाहीस; ज्याचं पान, त्याच्या डोळ्यांनी डोंगर काढलास. खेकड्याच्या पानासाठी तू खाचराच्या बांधावर पालथा पडलास, असं आत्याने मला सांगितलं. चिखलाचा सदरा धुता धुता तिचे हात दुखले म्हणे. म्हणून ते पान तसं उतरलं. 'खेकडा म्हणतो, डोंगर म्हणजे जिथून पाणी येतं ती जागा.' ही ओळ मला ते चित्र पाहून सुचली, आधी नाही.

मग घारीलाच ओट्यावर का बसवतोस? वर चढ. वाघजाईच्या सुळक्यावरून खाली काय दिसतं ते काढ. माझी ओळ तयार आहे: 'घार म्हणते, मला सगळं दिसतं.'

मालकांना पुस्तक दिवाळीला बाजारात हवं आहे. मी प्रकाशनाच्या या कचेरीत लागल्यापासून इतरांची प्रुफं तपासते. 'एकच डोंगर' हे माझं स्वतःचं पहिलं पुस्तक. चित्रकार माझा आतेभाऊ आहे, मुळशीत मास्तर आहे, हे ऐकून मालकांच्या कपाळाला आठी पडली होती. ती मुंगीच्या पानाने गेली. घारीच्या पानाने परत येऊ नये.

आत्याला नमस्कार.

तुझी
जया


उंबरटेप, ५ ऑक्टोबर १९५८

चि. जयास अनेक आशीर्वाद.

चित्र सोबत पाठवत आहे. पुठ्ठ्यात घालून शिवलं आहे, कात्री जपून लाव.

दोनदा चढावं लागलं. पहिल्यांदा देवूला बरोबर घेतलं. देवू म्हणजे वरच्या वाडीतल्या तानुबाईचा थोरला. तिची धाकटी सखू माझ्याकडे पहिलीत आहे. डोंगर त्यांच्या पायाखालचा, म्हणून वाट दाखवायला त्यालाच म्हटलं. पण गडी अर्ध्या वाटेवरूनच टंगळमंगळ करायला लागला. मला उजवीकडच्या सोंडेवर जायचं होतं, तिथून खालचं खोरं उघडं पडतं. तो मला डावीकडे ओढत होता.

"तितं काय न्हाई, गुरुजी. नुस्ती झुडपं."

"झुडपं तर झुडपं."

"आगी मोहळ हाय. मागल्या साली एक बैल मेला."

बैल डोंगराच्या सोंडेवर कशाला गेला होता, हे मी विचारलं नाही. डावीकडून धरणाचं पाणी तेवढं दिसलं, आणि पाण्यात घारीला काय रस. तसाच खाली आलो. देवूला बहुधा घरी काम असावं, आणि माझ्या तोंडावर त्याला नाही म्हणवेना.

आज रविवार. एकटा गेलो. उजव्या सोंडेवर मोहळ काही दिसलं नाही. वारा मात्र असा होता की कागदाच्या चारही कोपऱ्यांना दगड ठेवून चित्र काढावं लागलं. जया, तुझं म्हणणं खरं होतं. वरून आपलं गाव ओळखू येत नाही. शाळेची कौलं म्हणजे वाळत घातलेली मिरची. भाताची खाचरं डोंगराच्या कुशीत जिन्यासारखी उतरतात, हे मला खालून कधी कळलं नव्हतं. पौडकडून एस. टी. आली ती एखाद्या किड्यासारखी, मागे धुळीची शेपटी. माणूस एकही दिसेना. शोधून शोधून एक दिसला, तो आपला आळशी भैरू असावा, कारण बराच वेळ जागचा हलला नाही.

सगळं हिरवं आणि मातकट, आणि त्यात एकच पिवळा तुकडा. सोंडेच्या मागे, जंगलाच्या पोटात, हळद सांडावी तसा. या दिवसांत डोंगरावर सोनकी फुलते, हे तुला आठवत असेल. लहानपणी तू तिचे गजरे करून शेळीला घालायचीस. पण इतकी सरळ कडांची सोनकी मी पाहिली नव्हती. जणू कुणी दोरी लावून पेरली. मी ती दिसली तशीच काढली. तिच्यामुळे चित्राला जीव आला असं मला वाटतं. बघ तुला काय वाटतं ते.

तुझा
हैबतदादा


पुणे, १० ऑक्टोबर १९५८

प्रिय हैबतदादा,

सा. न.

मालकांनी चित्र खिडकीत धरलं, लांब केलं, जवळ घेतलं, आणि म्हणाले, "हेच वेष्टणावर घ्या." म्हणजे घार आतही येणार आणि वरही. तुझा तो पिवळा तुकडा आहे ना, त्यावर त्यांचं बोट होतं. "नजर इथे जाऊन थांबते," म्हणाले. माझी कधीची इच्छा होती की त्यांनी कशावर तरी बोट ठेवावं आणि ती चूक नसावी.

आणखी दोन बातम्या आहेत, दोन्ही चांगल्या.

पहिली. शेवटच्या पानावर एक मजकूर टाकायचं मी सुचवलं आणि ते मान्य झालं. 'हा डोंगर खरा आहे. तो मुळशी तालुक्यात उंबरटेप या गावी आहे. हे पुस्तक घेऊन तिथे जा आणि प्रत्येक चित्र ताडून पाहा.' असं पुस्तक मुलांसाठी कुणी केल्याचं मला तरी माहीत नाही. पुण्यातली पोरं आईबापांना घेऊन तुझ्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसतील, तयारी ठेव.

दुसरी. मालकांच्या ओळखीचे जंगलखात्यातले एक मोठे साहेब आहेत. त्यांना शाळांतल्या बक्षिसांसाठी डोंगरावर, झाडांवर पुस्तकं हवीच होती. त्यांनी चित्रं पाहिली नाहीत, नुसतं ऐकलं, तरी प्रती घेण्याचं कबूल केलं. आणि म्हणाले, दिवाळीच्या आधी एका रविवारी मी स्वतः पुस्तक घेऊन तिथे जातो, ताडून बघतो. त्यांना वर न्यायचं काम तुझं. देवूला नेऊ नकोस.

ब्लॉकवाल्यांनी ओढलेलं रंगीत प्रूफ सोबत आहे. तुझ्या मुलांना दाखव आणि कोण काय म्हणतं ते मला कळव. उद्यापासून छपाई सुरू, फर्मा मशीनवर चढेल. पिवळा रंग सगळ्यांत आधी छापतात, मग तांबडा, मग निळा, शेवटी काळा.

तुझी
जया


उंबरटेप, १५ ऑक्टोबर १९५८

चि. जयास आशीर्वाद.

हे पत्र मिळताच छपाई थांबव. कारण वाच, पण आधी कोंडाजींना सांगून ये.

प्रूफ काल वर्गात दाखवलं. पोरांनी गराडा घातला. पहिल्यांदा कुणालाच काही कळेना. मग कुणीतरी शाळा ओळखली आणि सगळे सुटले. "त्यो आमचा गोठा." "ह्ये भैरोबाचं देऊळ." "गुरुजी, मी कुटं हाय?" सखू मागे होती. तिला पुढे घेतलं. तिने कागद थोडा फिरवला, सोंडेच्या मागे बोट ठेवलं आणि खुशीत म्हणाली, "ही आमची खुरासणी."

वाडीतली आणखी दोन पोरं होती. एकाने तिला कोपराने ढोसलं.  मग तिने बोट काढून घेतलं आणि हात मागे बांधले, मी ओरडल्यावर बांधतात तसे. मी ओरडलो नव्हतो.

खुरासणी, जया. सोनकी नव्हे. तेलासाठी डोंगरउतारावर पेरतात ती, जिची चटणी तू इथून डबा भरून नेतेस. दोन्हींचं फूल पिवळं, दोन्ही याच दिवसांत. जंगलाच्या हद्दीत कुणी पेरत नाही असं मी धरून चाललो, म्हणून मला ती सोनकी दिसली.

दुपारी तानुबाई आली. ती शाळेत कधी येत नाही. ओट्याच्या खाली उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही.

"गुरुजी, त्यो कागुद बगू."

मी दिला. तिने फार वेळ पाहिलाही नाही.

"ह्ये तुमी कशाला काढलं?"

"मला सोनकी वाटली, तानुबाई."

"तुमच्या घरात खुरासणी खात्यात का न्हाई?"

"खातो."

"मग."

 तिनेच पुढे सांगितलं, आवाज न चढवता. सासऱ्याचं खाचर धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ही माणसं वर सरकली. वर जंगल. "मानसानं पेरायचं कुटं मग, पान्यावर?" सोंडेच्या मागचा तो तुकडा तेव्हापासून त्यांचा आहे, म्हणजे त्यांच्या मते. कागदावर तो जंगलखात्याचा. एक साल खुरासणी, एक साल नाचणी. वर्षाचं अर्धं खाणं त्याच्यावर आहे. गार्ड रस्त्याने येतो, रस्त्याने जातो, सोंडेआडचं त्याला दिसत नाही. "त्याला आमचं छप्पर बी खालनं दिसत न्हाई. तुमी त्याला उचलून आभाळात न्हेला."

देवू मला डावीकडे का ओढत होता ते आता कळलं. मी त्याला कामचुकार समजत होतो.

आणि तू लिहितेस की हेच चित्र वेष्टणावर जाणार, मागे गावाचं नाव असणार, आणि जंगलखात्याचे साहेब पुस्तक हातात धरून एकेक चित्र ताडून पाहणार. हे मी तानुबाईला अजून सांगितलेलं नाही. चित्र थांबव, मग सांगेन.

तुझा
हैबतदादा


पुणे, १७ ऑक्टोबर १९५८

प्रिय हैबतदादा,

पत्र वाचलं आणि सरळ छापखान्यात गेले. पिवळा छापून झाला आहे. ताव दोरीवर वाळताहेत, आणि तो तुकडा प्रत्येक तावावर आहे. कोंडाजी म्हणाले, "बाई, पिवळा चढला की खाली उतरत न्हाई." ताव फेकून द्या असं मी मालकांना सांगू शकत नाही. सांगितलं तर कारण सांगावं लागेल, आणि साहेब त्यांच्या घरी चहाला येतात.

थोडं शांतपणे बघ. चित्रात तो तुकडा नखाएवढा आहे. बक्षीस वाटणारे लोक पुस्तकं उघडत नाहीत. आणि साहेबांनी पाहिला तरी तुझ्यासारखी त्यांनाही ती सोनकीच वाटेल. तुला इतकी वर्षं तिथे राहून वाटली, मग त्यांना का नाही वाटणार? मला वाटतं तू आणि तानुबाई दोघंही घाबरून त्या नखाची परात करता आहात.

तरीही तुझ्या शब्दाखातर मी एक तोड काढली आहे. पिवळ्यावर निळा पडला की हिरवा होतो. निळा अजून छापायचा आहे. त्या तुकड्यावर निळ्या ब्लॉकमध्ये झाडं काढून दे, दाट. पिवळं शेत हिरवं जंगल होईल, कुणाला पत्ता लागणार नाही. कोंडाजी नवा निळा ब्लॉक येईपर्यंत मशीन दुसऱ्या कामाला लावायला तयार आहेत. मालकांना 'झाडं कमी वाटतात, जंगलखात्याला आवडणार नाही' असं मी सांगेन. ते त्यांना लगेच पटेल.

उलट टपाली झाडं पाठव.

तुझी
जया


उंबरटेप, २० ऑक्टोबर १९५८

चि. जयास आशीर्वाद.

झाडं पाठवत नाही.

काढली होती. ऐन, हिरडा, अंजन, मन लावून काढली. रविवारी वाडीत जाऊन तानुबाईला दाखवली आणि तुझी निळ्या-पिवळ्याची युक्ती सांगितली. साहेब येणार तेही सांगितलं. माझी समजूत होती की ती सुटल्यासारखी हसेल.

तिने विचारलं, "ह्ये पुस्तक किती साल ऱ्हातं?"

मी म्हटलं, राहतं. शाळांत राहतं, लोकांच्या घरी राहतं.

"मग झाडं काडू नगा. आज पुस्तकात झाडं असली, आन उद्या गार्ड हितं येऊन उभा ऱ्हायला, तर काय म्हनंल? हितं झाडं व्हती, पुस्तकात हायेत, तुमी तोडली. आज नुस्तं पेरल्याचं हाय, गुरुजी. उद्या तोडल्याचं व्हईल."

देवू बाजूला विळ्याला धार लावत होता. तो माझ्याशी बोलत नाही. आईला म्हणाला, "आत्ताच कापून टाकू. रान मोकळं दिसंल."

"फुलात कापलं तर काय ऱ्हाईल रं? वैरण?"

मी झाडं तिथेच चुलीत घातली.

तू लिहिलंस की नखाची परात करता. नख तुझ्या टेबलावर आहे, जया. इथे वर्षाचं अर्धं खाणं आहे. रागावून लिहीत नाही. मीही वरूनच पाहिलं होतं, आणि मला ते फूल दिसलं.

इथे आणखी एक बिघडलं आहे. वर्गात दाखवल्यानंतर ते प्रूफ मी घरी ओसरीवर भिंतीला टाचलं होतं, आईला कौतुक म्हणून; घरच्यांना ती सोनकीच वाटेल असं मी धरून चाललो. गेणबातात्यांनी ते पाहिलं. तू त्यांना लहानपणीच पाहिलं असशील. माझे थोरले चुलते, आमच्या घरात त्यांचाच शब्द चालतो. चष्मा पुसून पुसून पाहिलं. मग म्हणाले, "दोन सालामागं माझी गुरं ह्या अंगाला गेली, तर वाडीच्या पोरांनी धोंडं मारून हाकलली. म्हनलं जंगलात पोरं कशाला राखन करत्यात. ह्ये राखत व्हती व्हय." प्रूफ मी काढून घडी घालून ठेवलं. त्याचा आता काही उपयोग नाही.

सखू शाळेत येत नाही. वाडीतलं कुणीच येत नाही.

मला काही सुचत नाही. वर्गात शिकवतो आणि मध्येच खिडकीतून सोंडेकडे बघतो. तुला सुचलं तर लिही. नाही सुचलं तर पुस्तक काढू नका. माझं नाव घालू नका. तुझं पहिलं पुस्तक आहे हे मला माहीत आहे, तरी लिहितो आहे.

हैबत


पुणे, २४ ऑक्टोबर १९५८

प्रिय हैबतदादा,

सा. न.

'नख तुझ्या टेबलावर आहे' ही ओळ वाचून मी दसऱ्याच्या दिवशी जेवले नाही. आईने विचारलं तर पित्त झालं म्हटलं. तुझं बरोबर आहे, एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर माझंच समाधान व्हायचं.

आता काय झालं ते ऐक.

पुस्तक थांबवणं माझ्या हातात नव्हतं. ती सात पानं छापून झाली आहेत आणि मालकांनी जाहिरातही दिली आहे. घारीच्या पानाचा राहिला होता फक्त काळा रंग. मी छापखान्यात कोंडाजींच्या शेजारी स्टुलावर बसून ते पान नुसतं बघत होते. वारा होता, ताव फडफडत होते, आणि कोंडाजी सारखे माझ्यापुढून हात आडवा घालून ताव दाबत होते. तिसऱ्यांदा त्यांचा हात चित्रावर आला तेव्हा मला कळलं. घार उडते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तिचा स्वतःचा पंख असणारच.

आमच्या इथल्या चित्रकाराकडून काळ्या ब्लॉकमध्ये एक पंख काढून घेतला. उजव्या कोपऱ्यातून येतो, भरीव काळा, कडेला पिसं सुटी. तो सोंडेच्या मागच्या भागावर बरोबर पडतो. काळ्याखाली पिवळा दिसत नाही, कोंडाजींनी भिंगातून पाहून सांगितलं. वेष्टणावरही हाच पंख येईल. झाडंही नाहीत, रानही नाही. तानुबाईला म्हणावं, तिथे काय होतं आणि काय नव्हतं, याबद्दल पुस्तक काही बोलत नाही.

तुझ्या चित्रावर दुसऱ्याचा हात पडला, त्याबद्दल मला माफ कर. टपालाला वेळ नव्हता.

मालकांना खरं कारण सांगितलं नाही. 'चित्राला खोली येत नव्हती' म्हटलं. त्यांनी पंख पाहिला आणि म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?" मी मान खाली घातली.

ओळ बदलली आहे. आता अशी आहे: 'घार म्हणते, मला सगळं दिसतं. माझ्या पंखाखालचं तेवढं सोडून.' पहिल्या ओळीपेक्षा ही बरी आहे, असं मला वाटायला लागलं आहे, आणि त्याची मला जरा लाज वाटते.

शेवटच्या पानावरून गावाचं नाव काढलं. पण साहेबांना ते आधीच सांगितलं गेलं आहे. ते रविवारी, दोन तारखेला, सकाळच्या गाडीने येणार. ते टाळता येईना. मी प्रयत्न केला, तर मालकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय बदलला. तू त्यांना डाव्या सोंडेवर ने, धरणाचं पाणी दाखव, चहा पाज आणि परत पाठव.

छापलेला ताव सोबत आहे. भिंतीला टाचू नकोस.

तुझी
जया


उंबरटेप, २८ ऑक्टोबर १९५८

चि. जयास अनेक आशीर्वाद.

गेणबातात्यांनी गार्डला सांगितलं. खुद्द गार्डनेच मला काल सकाळी पाराजवळ थांबवून हे सांगितलं. चित्र पाहिलं त्याच आठवड्यात तात्या पौडला गेले होते. गार्ड वाईट माणूस नाही, त्यालाही वर उत्तर द्यायचं आहे. म्हणाला, "गुरुजी, साहेब रविवारी येतातच आहेत. त्यांच्यापुढेच दाखवतो, म्हणजे मी इतके दिवस काय करत होतो असं कुणी विचारायला नको."

म्हणजे डाव्या सोंडेचा आता उपयोग नाही.

पंख चांगला आहे. मी काढला असता तर इतका भरीव काढला नसता, घाबरलो असतो. ताव घेऊन संध्याकाळी वाडीत गेलो. तानुबाईने पाहिला. सखूने पंखाच्या कडेने बोट फिरवलं, जिथे तिची खुरासणी होती तिथे थांबली, आणि आईकडे पाहून तिने हात मागे बांधले. पाच-सहा वर्षांच्या पोरीला आता इतकं कळतं.

मग गार्डचं सांगितलं. देवू उठलाच. विळा घेऊन दाराशी गेला. "अजून पाच दिस हायेत. कापतो, जाळतो, राख पसरतो."

"बस खाली," तानुबाई म्हणाली.

"आये, ते येनार हायेत."

"येऊ दे. दानं भरायला लागल्यात. आत्ता कापलं तर साहेब न्हाई आला तरी आपन गेलो."

तिने ताव माझ्याकडे परत दिला. मग मला म्हणाली, "गुरुजी, पुस्तकात नगं व्हतं मला. पुस्तकात नुस्ता तुकडा दिसतो, पिवळा. मानूस दिसत न्हाई. तुमाला तरी कुटं दिसला. पर मानूस चालत येनार असंल, तर मी रानात उभी ऱ्हाते. येऊ दे माज्यापस्तोर. मग बोलू."

"काय बोलशील?"

"खालचं खाचर कुटं गेलं ते त्याला हातानं दावीन. तितनं बी दिसतंय पानी."

मी विचारलं, मी काय करू. ती म्हणाली, "तुमी त्यास्नी घिऊन या. वाट तुमाला आता म्हाईत हाय." देवू पहिल्यांदा हसला, आणि मला ते लागलंही आणि बरंही वाटलं.

जया, मी ठरवलं आहे. नुसता वाट दाखवून बाजूला होणार नाही. धरण भरल्यापासून ही माणसं तिथे कसतात, ही गोष्ट आमच्या घरात माझ्या वडिलांना माहीत होती. आईने काल विचारल्यावर सांगितलं. वडील वाडीवरून खुरासणी घ्यायचे, कुठली ते विचारायचे नाहीत. म्हणजे मी जी चटणी लहानपणापासून खाल्ली ती तिथलीच. हे मी साहेबांना सांगणार, गावातला खातेदार म्हणून आणि शाळेचा मास्तर म्हणून. त्याने तुकडा राहील असं मी म्हणत नाही. वाडीचं म्हणणं साहेब एका कानाने ऐकतील. खालच्या गावातलं एक माणूस तेच बोललं तर दुसरा कान तरी लावतील, एवढीच आशा.

तात्यांना जेवताना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला केलं. "रविवारी तिच्या बाजूनं उबा ऱ्हायलास, तर या घरात तुजं पान मांडलं जानार न्हाई."

आई आतून म्हणाली, "पानं मी मांडते, भावजी."

तात्या उठून गेले.  मी शाळेत जातो, येतो, आणि रविवार अजून आला नाही म्हणून वैतागतो, मग आला नाही म्हणून बरं वाटतं.

तुझ्या मालकांना हे कळलं तर तुझ्या नोकरीचं काय होईल, याचा विचार मी केला.  तू त्यांना आधीच सांगावंस असं मला वाटतं, साहेबांच्या तोंडून कळण्यापेक्षा. पण ते तू ठरव. यायचं असेल तर साहेबांच्याच गाडीला बस, म्हणजे वाटेत पुस्तक त्यांच्या हातात असताना तू शेजारी असशील. आई तुझ्यासाठी भाकरी बांधून ठेवणार आहे, येवो न येवो.

गाडी पाराशी थांबेल. गार्ड तिथे असेल, मी असेन, तात्या बहुधा लांबून बघतील. आम्ही उजव्या सोंडेने चढू. तानुबाई उजाडल्यापासून रानात पाखरं हाकत असेल. साहेब बांधाशी पोचले की आधी तिने बोलायचं, मग मी, असं आमचं ठरलं आहे.

तुझा
हैबतदादा